परभणीहून परळला : टाटा रुग्णालयाच्या पहिल्या खेपेची तयारी

आपल्या वडिलांचे वय ५८ आहे, डाव्या गालाच्या आतील चट्ट्याचा तुकडा तपासल्यावर कर्करोगाचे निदान झाले आहे आणि परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात नेण्यास सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. येत्या आठवड्यात निघायचे असल्याने सोबत काय न्यावे, किती दिवसांच्या हिशेबाने जावे, राहायचे कुठे आणि आईलाही न्यावे का, हे आपले प्रश्न आहेत. मी कान-नाक-घशाचा शल्यचिकित्सक असून सव्वीस वर्षे मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी व्यवसाय करतो. तंबाखू आणि गुटख्यामुळे आमच्या भागात तोंडाचे कर्करोग इतके आहेत की परळला रुग्ण पाठवणे हा माझ्या कामाचा नित्याचा भाग झाला आहे. त्या अनुभवातून लिहितो.

गावाकडून निघणारी बहुतेक कुटुंबे अशा कल्पनेने निघतात की सोमवारी पोहोचलो, मंगळवारी भरती झालो आणि गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या खेपेत तसे घडत नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. नोंदणी होऊन फाईल निघते, डोके व मान विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात तपासणी होते, आपण नेलेला तुकडा तिथले विकृतिशास्त्रज्ञ स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहतात, गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय होते, दातांची आणि भूल देण्यापूर्वीची तपासणी होते, आणि हे सगळे हाती आल्यावर शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ मिळून उपचारांचा क्रम ठरवतात. यातला एक दुवा निसटला की पुढचे सगळे अडून राहते. वडिलांच्या आजाराबद्दल परभणीत जे जे कळले आहे, ते सगळे आपल्या पिशवीतून परळला पोहोचले पाहिजे. तयारी म्हणतात ती मुख्यतः हीच. आठ ते दहा दिवस राहण्याच्या हिशेबाने निघावे आणि परतीचे तिकीट काढण्याची घाई करू नये.

पिशवीतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि त्यापासून केलेल्या काचेच्या स्लाइड. लोक तपासणीचा छापील अहवाल जपून नेतात आणि त्यालाच सर्वस्व समजतात. मोठ्या केंद्रात मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेच्या केवळ कागदावर विसंबून कोणाचा जबडा काढत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांना पेशी स्वतः पाहायच्या असतात, लागल्यास ठोकळ्यातून नवे पातळ काप काढून आणखी चाचण्या करायच्या असतात. ठोकळा नसेल तर पुन्हा तुकडा काढावा लागतो, म्हणजे वडिलांना पुन्हा वेदना आणि आपल्याला पुन्हा अहवालाची वाट पाहणे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका रुग्णाला ठोकळ्याशिवाय पाठवले होते. त्याचा मुलगा तो घेण्यासाठी मुंबईहून परत आला, तेव्हा प्रयोगशाळा दिवाळीसाठी बंद होती. बारा दिवस वाया गेले. चूक माझी होती, पण भोगली त्यांनी. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत ‘ब्लॉक व स्लाइड सोबत दिल्या आहेत’ असे लिहिलेले नसेल तर मी त्या चिठ्ठीवर सही करत नाही.

त्यामुळे उद्याच त्या प्रयोगशाळेत जावे. मूळ अहवाल दाखवून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागावे. पोचपावतीवर सही घेऊन ते देतात. आधी फोन करून जावे, कारण तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गोळा केलेले अनेक नमुने प्रत्यक्षात दुसऱ्या शहरातील मोठ्या प्रयोगशाळेत तपासले जातात, आणि तसे असेल तर ठोकळा तिथून मागवायला तीन-चार दिवस लागतात. हाती आल्यावर ठोकळ्यावर कोरलेला किंवा लिहिलेला क्रमांक, स्लाइडवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक हे तिन्ही एकच आहेत ना, हे तिथेच उभे राहून पाहावे. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत ठेवाव्यात; डबी न मिळाल्यास कापसात गुंडाळून दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधाव्यात. ठोकळ्यातले मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो सोडून जेवायला जाऊ नये. ही डबी मोठ्या बॅगेत टाकू नये. ती ज्याच्या खांद्याला पिशवी असेल त्याच्याजवळच राहावी.

सीटी किंवा एमआरआय झाले असेल तर छापील फिल्मबरोबर त्याची सीडीही घ्यावी, आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडते का हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. कोरी निघालेली सीडी हा मी अनेकदा पाहिलेला प्रकार आहे. झाले नसेल तर मात्र केवळ ‘तयारी असावी’ म्हणून घाईने काही करून घेऊ नये. विशेषतः पेट स्कॅन स्वतःच्या मनाने करून घेऊ नये. तो खर्चिक असतो आणि गालाच्या प्रत्येक कर्करोगात लागतोच असे नाही. कोणते चित्र, कोणत्या पद्धतीने आणि किती बारीक कापांचे हवे हे उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाला ठरवू द्यावे. त्याहून कळकळीची विनंती अशी की ‘गाठ लहानच आहे, इथेच काढून टाकू आणि मग मुंबईला दाखवू’ असे कोणी सुचवले तर ऐकू नये. अर्धवट काढलेल्या रोगाच्या कडा नंतर ओळखू येत नाहीत आणि पहिल्या शस्त्रक्रियेत मिळणारी चांगली संधी दुसऱ्या वेळी तशीच मिळत नाही.

आता एक कागद आपण स्वतः लिहावा. बाह्यरुग्ण कक्षात डॉक्टरांना आपल्यासाठी मिळणारा वेळ थोडा असतो आणि त्या वेळात घाबरलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत. एकाच पानावर, मराठीत लिहिले तरी चालेल, पुढील गोष्टी असाव्यात: चट्टा किंवा जखम पहिल्यांदा कधी लक्षात आली, तुकडा कोणत्या तारखेला काढला, त्यानंतर जखमेत काय फरक पडला, मानेत गाठ जाणवते का, तोंड किती बोटे उघडते, सहा महिन्यांपूर्वी वजन किती होते आणि आज किती आहे. तंबाखूबद्दल मोघम लिहू नये. तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा, मिश्री, विडी यांपैकी काय, दिवसाला किती आणि किती वर्षे, हे खरे लिहावे, वडिलांना मुलासमोर सांगायला संकोच वाटत असला तरी. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षयरोग, आधीच्या शस्त्रक्रिया आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हेही त्यात यावे. चालू औषधांची नावे लिहिण्याबरोबरच त्यांची पाकिटेही न्यावीत. हृदयात स्टेंट बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पानाच्या अगदी वर, अधोरेखित करून लिहावे, हृदयरोगतज्ज्ञांचे कागद जोडावेत आणि ती गोळी शस्त्रक्रियेच्या भीतीने स्वतःहून बंद करू नये. मधल्या काळात काढा, लेप किंवा कोणाचे झाडपाल्याचे औषध दिले असेल तर तेही लपवू नये.

कागदपत्रांत सर्वाधिक त्रास नावामुळे होतो. वडील आधार कार्डावर ‘बाबू’, शिधापत्रिकेवर ‘बाबुराव’ आणि तपासणीच्या अहवालावर केवळ टोपणनावाने असतील तर उपचारखर्चाच्या सरकारी योजनेची मंजुरी तिथेच अडते. अहवालावरील नाव प्रयोगशाळेकडून आताच आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. शिधापत्रिकेतील दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज मागे राहणाऱ्या भावाकडे किंवा चुलत्यांकडे सोपवावा. आधार आणि शिधापत्रिका मूळ प्रतींसह न्याव्यात, प्रत्येकाच्या पाच-सहा छायाप्रती काढाव्यात, आणि चालू आर्थिक वर्षाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, कारण मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा धर्मादाय संस्थांकडे अर्ज करताना तोच आधी मागतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून प्रति कुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ही योजना रोकडविरहित आहे आणि मंजुरी उपचारापूर्वी घ्यावी लागते. आधी खर्च करून नंतर पावत्या दाखवल्यास ते पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे फाईल निघाली की त्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे या योजनेच्या कामात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, आणि वैद्यकीय समाजसेवा विभागाला भेटावे. लाजेने ही भेट शेवटपर्यंत टाळणारी आणि मग जमीन गहाण ठेवून परत येणारी माणसे मी पाहिली आहेत.

नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर परभणीतच ठरवून निघावे, खिडकीपाशी उभे राहून ठरवू नये. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले, १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि जनरल वर्गातील दर सामान्य माणसाचा विचार करून ठेवलेले आहेत. उपचारांचा निर्णय दोन्ही वर्गांत तज्ज्ञांचा तोच गट घेतो. फरक पडतो तो गर्दीत, सोयीत आणि खर्चात. ‘बापासाठी पैशाकडे काय पाहायचे’ या भावनेने पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिहिणारा मुलगा मला समजतो. तरी मुखाच्या कर्करोगाचे उपचार काही महिने चालतात आणि पुढची काही वर्षे तपासणीसाठी येत राहावे लागते, याचा विचार करून, आणि योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर नक्कीच, जनरल वर्गात नोंद करावी. रुग्णालयात प्रत्येक तपासणीला रोख मोजत बसावे लागत नाही. कार्डावर आगाऊ रक्कम भरायची असते आणि तीतून खर्च वजा होत जातो, म्हणून मोठी रोकड कमरेला बांधून आणण्याचे कारण नाही. दाराबाहेर ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्याशी बोलूही नये.

राहण्याची व्यवस्था हा मुंबईतला खरा अवघड भाग आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे काम करीत आहेत आणि त्यांचे दर आपल्या आवाक्यातले आहेत. पण अशा ठिकाणी खोली मिळण्यासाठी बहुधा रुग्णालयाची फाईल किंवा समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, शिवाय जागा रिकामी असावी लागते. म्हणजे ज्या रात्री आपल्याला सर्वांत जास्त गरज असते, त्या पहिल्या दोन-तीन रात्री धर्मशाळा बहुतेक मिळत नाही. तेवढ्यापुरती सोय आधीच करावी; नातेवाईक किंवा गावाकडचे कोणी कल्याण-डोंबिवलीला राहत असेल तरी दुखणाईत माणसाला रोज लोकलच्या गर्दीतून नेण्यापेक्षा दादर-परळ भागातली साधी खोली दोन दिवस घेणे बरे. मात्र पुढची तारीख कळण्यापूर्वी कोणाच्या सांगण्यावरून महिनाभराचे भाडे भरू नये. उपचारांचा काही भाग खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रातही होतो आणि तिकडे पाठवले तर परळची खोली निरुपयोगी ठरते.

प्रवासाबद्दल थोडे. परभणीहून मुंबई सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. रात्रीच्या रेल्वेने निघून दादरला उतरावे, तिथून टॅक्सीने रुग्णालय जवळ आहे. रुग्णाला शक्य तर खालचा बर्थ घ्यावा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. तिला रुग्णालयाने भरून दिलेला नमुना लागतो, म्हणून जाताना तिचा उपयोग होणार नाही. परत येण्यापूर्वी तो नमुना आठवणीने मागून घ्यावा. पहिला दिवस सोमवारचा नसावा असे मी सुचवतो, कारण दोन दिवसांची गर्दी त्या दिवशी साठलेली असते. परळला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसावे लागेल असे धरूनच सकाळी लवकर रांगेत जावे.

जाण्यापूर्वीच्या या आठवड्यात वडिलांच्या शरीराचीही तयारी व्हायला हवी. तंबाखू आजपासून पूर्ण बंद, आणि ‘आता बंद करून काय उपयोग’ हे म्हणणे चूक आहे, कारण जखम भरणे, भूल सोसणे आणि किरणोपचार लागू पडणे या तिन्हींवर तिचा परिणाम होतो. तोंड कमी उघडते, जखम झोंबते, म्हणून रुग्ण जेवण टाळतो आणि महिन्याभरात पाच-सात किलोंनी उतरतो. मग उपचार ठरतात तेव्हा शरीर तयार नसते. तिखट काढून टाकावे. दुधातली नाचणीची पेज, मऊ वरण-भात तूप घालून, उकडलेल्या अंड्याचा कुस्करा, दही, ताकातली भाकरी, शेंगदाण्याचे कूट घातलेली पातळ खीर असे दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे द्यावे, आणि प्रवासातही डब्यात तेच असावे. मधुमेह असेल तर गोड टाळून हेच करावे आणि साखर तपासत राहावे. हलणारा दात गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडून घाईने काढून घेऊ नये, विशेषतः चट्ट्याच्या बाजूचा. किरणोपचारांपूर्वी खराब दात काढावे लागतात हे खरे असले तरी कोणते आणि केव्हा, हे तिथली दंतशाखा ठरवते.

आपण विचारले नाही, तरी एका गोष्टीबद्दल लिहायला हवे. वडिलांना ‘साधी जखम आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ’ असे सांगून नेऊ नये. आमच्या भागात ‘टाटाला नेले’ या दोन शब्दांतच आजाराचे नाव येते. फलाटावर कोणीतरी विचारतो, रांगेतला शेजारी विचारतो, आणि वडिलांना ते परक्याकडून कळते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी घरी, शांतपणे आपण सांगावे. मुखाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो, शस्त्रक्रिया हा त्याचा मुख्य उपचार आहे आणि पुढे गरज पडल्यास शेक, म्हणजे किरणोपचार, साधारण सहा आठवडे चालतात, एवढे त्यांना माहीत असावे. गालाचा रोग असताना मानेलाही चीर का, हा प्रश्न नक्की निघेल आणि तिथे अनेक कुटुंबे बिथरून परत येतात. याचे उत्तर टाटामधल्याच अभ्यासाने २०१५ मध्ये दिले आहे: सुरुवातीच्या टप्प्यातील मुखाच्या कर्करोगात मानेतील गाठी पुढे वाढल्यावर काढण्यापेक्षा पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८० टक्के राहिले, वाट पाहिलेल्यांत ते ६७.५ टक्के होते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याच पानाच्या मागे लिहून न्यावेत, आणि ते तीनच असावेत. रोग कोणत्या टप्प्यात आहे व उपचारांचा क्रम काय? शस्त्रक्रियेची तारीख किती दिवसांनी मिळेल, आणि ती फार लांबची असेल तर राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील (नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातील कर्करोग रुग्णालयांचा गट) दुसऱ्या कोणत्या रुग्णालयात तोच उपचार लवकर होईल? आणि शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार किंवा औषधे घराजवळ घेता येतील का? हा तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि नागपूरची केंद्रे ही परभणीकरांना मुंबईपेक्षा जवळ आहेत. उपचारांचा आराखडा परळहून घेऊन सहा आठवड्यांचा शेक जवळच्या केंद्रात घेतल्याने कित्येक घरांची शेती आणि मुलांच्या शाळा टिकल्या आहेत. डॉक्टर बोलत असताना एकाने ऐकावे व दुसऱ्याने लिहावे. परत बाहेर येऊन आठवण्याच्या भरवशावर राहू नये.

माणसे दोनच न्यावीत: एक वडिलांजवळ बसणारा आणि एक खिडक्यांवर फिरणारा. फाईल मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हाती असावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक कागदाचे छायाचित्र त्याने रोज रात्री फोनमध्ये काढून गावाकडच्या एकाला पाठवावे. आईबद्दल विचारले आहे, तर पहिल्या खेपेला त्यांना नेऊ नये असे माझे मत आहे. हे दिवस रांगा, जिने आणि वाट पाहण्याचे असतात. त्यांना काही करता येणार नाही आणि त्या दोघांची काळजी आपल्याला करावी लागेल. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर मात्र त्यांना अवश्य न्यावे. तेव्हा काही दिवस वडिलांना बोलता येणार नाही, नाकातल्या नळीतून पातळ अन्न दर दोन तासांनी द्यावे लागेल, आणि ते काम आई जितक्या धीराने शिकतील तितक्या धीराने आपल्यापैकी कोणी शिकणार नाही.